ढोबळी मिरची आणि तिची दुखणी

(मंडळाच्या श्रावणातील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय कळविला तो "कुंडीतील ढोबळी मिरची" एवढाच. पण सोबत तुम्हां सर्वांच्या शंकांच्या चिठ्ठ्या त्यांनी पाठविल्या आणि त्या वाचल्यावर माझे भाषण आपोआप ठरून गेले. कुणाची पाने वळली आहेत, कुणाची फुले गळत आहेत, कुणाच्या फळाचे बूड काळे पडले आहे, आणि निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांच्या शेवटी प्रश्न एकच आहे : "कोणते औषध मारू?" आजचे माझे सारे सांगणे या एका प्रश्नाभोवतीच राहणार आहे. ढोबळी मिरचीच्या बहुतेक दुखण्यांना औषध लागतच नाही, आणि ज्यांना लागते त्यांतही आधी दुखणे कोणते ते ओळखावे लागते. पोट दुखते म्हणून समोर दिसेल ती गोळी आपण मुलाला देत नाही. झाडाच्या बाबतीत मात्र बाजारातून बाटली आणतो आणि फवारून मोकळ्या होतो!

यात धोका कोठे आहे तो आधी सांगते. शेतकरी औषध फवारतो तेव्हा फवारणीनंतर इतके दिवस फळ तोडू नये, असा एक काळ त्या औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तुमच्याआमच्या कुंडीत तो पाळायचा कसा? आज एक फळ तयार, परवा दोन. आणि पाहुणे दारात उभे राहिले की अर्धवट वाढलेलेही आपण तोडतोच. शिवाय कुंडी गॅलरीत, शेजारी वाळत घातलेले कपडे, खाली रांगणारे मूल. ओळखीच्या एका बाईंना एका दुकानदाराने "मिरचीला हेच चालते" म्हणून बाटली दिली. त्यांनी ती मला आणून दाखविली तेव्हा तिच्यावर लाल त्रिकोण होता. आपल्या देशात कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर असा रंगीत त्रिकोण छापावा लागतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. बाईंना हे ठाऊक नव्हते, आणि दुकानदाराने सांगितले नाही. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची बाटली घरात आणूच नये, एवढे तरी आज सर्वजणी लक्षात ठेवा. "सगळेच वापरतात" या बोलण्यावर विसंबू नये. एंडोसल्फान नावाचे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे सगळेच वापरीत होते. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर त्याच्या हवाई फवारण्या होत. तेथील माणसांचे हाल साऱ्या जगाने पाहिले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली.

असो. आता मिरचीकडे वळू.

हिला पुण्याकडे ढोबळी म्हणतात, मुंबईकडे भोपळी, आणि बाजारात सिमला मिरची. पण तिचे माहेर ना सिमल्याला ना पुण्याला. मिरचीचे सारे कूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्याला लागले. गंमत अशी की, ढोबळी आणि आपल्या पोळीभाजीबरोबरच्या ठेच्याची तिखट मिरची या एकाच जातीच्या सख्ख्या बहिणी आहेत. तिखटपणा आणणारे द्रव्य ढोबळीत तयार होत नाही, एवढाच काय तो फरक. पोषणात मात्र धाकटी थोरलीला हार जात नाही. हंगेरीतील सेगेड गावचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रात्रीच्या जेवणात पत्नीने मिरची वाढली, ती खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून आपण ती उचलून प्रयोगशाळेत नेली, असे ते स्वतःच सांगत. त्या मिरचीत त्यांना क जीवनसत्त्वाचा खजिना सापडला, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पानात टाकलेल्या भाजीचे एवढे सोने झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही!

आता हंगाम. ढोबळीची निम्मी दुखणी अवेळी लावल्याने होतात. तिला दिवसा २० ते २८ अंशांची हवा आणि रात्री १५ ते २० अंशांचा गारवा मानवतो. पारा ३२ च्या वर चढला, किंवा रात्री उबदार राहू लागल्या, की फुले गळतात. मग फाल्गुनात रोप आणून चैत्रात फळांची वाट पाहण्यात काय अर्थ? आपल्या पंचांगाच्या हिशेबाने सांगायचे तर गौरी यायच्या सुमारास बी पेरावे, दसऱ्याला रोपे कुंडीत जावीत, दिवाळीच्या पुढे-मागे फुले दिसावीत आणि संक्रांतीपूर्वी पहिली भाजी पानात पडावी. होळीपर्यंत झाड देत राहते. मुंबईकर नणंदा-जावांना मात्र महिनाभर उशिरा लावायला सांगा, कारण तिकडे गारवाच उशिरा येतो.

बियांविषयी एका भगिनीने विचारले आहे की, बाजारातून आणलेल्या मिरचीतील बी पेरले तर चालेल का. हिरव्या ढोबळीतले बी कोवळे असते, कारण हिरवी ढोबळी म्हणजे न पिकलेले फळ. ते बी बहुधा उगवत नाही. लाल-पिवळ्या फळांतील उगवते, पण ती बहुतेक संकरित वाणांची असल्याने लेक आईसारखी निघेल याची शाश्वती नाही. त्यापेक्षा बियांचे पाकीट घ्यावे. कॅलिफोर्निया वंडर हा जुना भरवशाचा वाण आहे. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का मोहिनी, अर्का गौरव, अर्का बसंत हेही चांगले. पाकिटावरील तारीख पाहून घ्यावी. मिरचीचे बी फार दिवस टिकत नाही.

दुसरी एक शंका हटकून निघते : ढोबळीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते का? या वर्षी होत नाही. फळाचा गर हा आईच्या अंगाचा, त्यात परागाचा वाटा नसतो. पराग मिसळला तर त्याचा गुण बियांत उतरतो. ते बी पुढच्या वर्षी पेराल तेव्हा मात्र तिखट ढोबळी निघू शकते आणि घरात हाहाकार उडू शकतो.

रोपे पसरट ताटलीत किंवा ट्रेमध्ये करावीत. बी अर्धा इंच खोल, माती ओलसर. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. या वयात एकच दुखणे असते, ते म्हणजे रोपे बुडाशी मऊ पडून कोलमडणे. ते बुरशीचे काम आणि त्याला कारण आपली माया. ताटलीत सदा पाणी साठलेले असेल तर दुसरे काय होणार? वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये, आणि ट्रेवर जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा ताणून बांधावा. मच्छरदाणीची जाळी उपयोगी नाही. तिच्यातून पांढरी माशी खुशाल आत जाते. ही माशी काय अनर्थ करते ते पुढे येईलच.

रोपाला चार-पाच पाने फुटली, साधारण पाच आठवडे झाले, की कुंडीत लावावे. कुंडी बारा इंचांहून लहान नको. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा बुडाला भोके पाडून घेतला तर उत्तम. दोन घमेली माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, अर्धे घमेले वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा आणि दोन मुठी निंबोळी पेंड, असे मिश्रण पुरते. नुसत्या काथ्याच्या भुशात लावू नये. रोपाबरोबरच काठी रोवावी; झाड मोठे झाल्यावर काठी खुपसली तर मुळे दुखावतात. फांद्या फार ठिसूळ असतात, तेव्हा सुतळीने सैल बांधावे. पहिली कळी झाडाच्या पहिल्या बेचक्यात येते. ती खुडून टाकावी. जीवावर येते खरे, पण ती ठेवली तर एकच फळ धरून झाड खुजे राहते. दर तीन आठवड्यांनी ओंजळभर गांडूळखत पुरे. ऊन पाच-सहा तास हवेच. ज्यांच्या गॅलरीत ते येत नाही त्यांनी पुदिना लावावा, मिरचीच्या मागे लागू नये.

आता दुखण्यांकडे येऊ, आणि येथे जरा थांबू.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या पाने वळण्याच्या आहेत. शेतकरी याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. नाव एक असले तरी यामागे तीन निरनिराळे चोर आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून पान हातात घेऊन नीट पाहावे. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे समजावेत. खात्री करायची असेल तर पांढरा कागद खाली धरून शेंडा त्यावर झटकावा. बारीक पिवळसर सुतासारखे कण चालू लागले, तर तेच ते. याउलट कडा खाली वळल्या, होडी पालथी झाली, पान जाड, चरचरीत आणि गर्द हिरवे दिसू लागले, देठ लांबट झाले, तर ती कोळी नावाची कीड आहे. हा कोळी कोपऱ्यात जाळे विणणारा नव्हे. तो इतका बारीक की भिंगाशिवाय दिसतही नाही. तिसरा प्रकार म्हणजे पाने बारीक, वेडीवाकडी, शिरांमध्ये पिवळी आणि सारे झाडच खुरटलेले. कुंडी हलविताच पांढऱ्या कणांचा थवा उडाला तर ओळखावे की, पांढऱ्या माशीने विषाणू आणून सोडला आहे.

पहिल्या दोहोंना उपाय आहे. फुलकिड्यांसाठी सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा जोराचा फवारा, शेजारी निळा चिकट कागद टांगणे, आणि आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क. हा अर्क घरीच करावा : निंबोळीच्या आतील गराची भरड पन्नास ग्रॅम, कापडात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, त्यात साध्या अंगाच्या साबणाचे थोडे पाणी मिसळावे. कपडे धुण्याची पूड घालू नये, पाने करपतात. अर्क त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर, पानांच्या खालून फवारावा. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात. माव्यालाही हाच उपाय. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की मावा आहे असे समजावे, कारण त्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकटीवर मुंग्यांचा डोळा असतो.

कोळ्याला मात्र गंधक लागते. पाण्यात मिसळणारी गंधकाची भुकटी शेती-दुकानात मिळते. लिटरला दोन ग्रॅम पुरते. पानांवर पिठासारखी भुरी आली तरी तीच चालते. पण कडक उन्हात ती फवारू नये, आणि निंबोळीचे तेल मारले असेल तर मध्ये तीन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने भाजून निघतात. फुलकिडे समजून कोळ्यावर आणि कोळी समजून फुलकिड्यांवर फवारण्या करीत एकेक बाई हंगाम घालविते, तो या न पाहण्यामुळे.

विषाणूला औषध नाही. दुकानदार काही म्हणो, कोणत्याही बाटलीत ते नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे, म्हणजे शेजारची तरी वाचतात. पिवळे चिकट कागद पांढरी माशी पकडतात, ते आधीपासून लावावेत.

विषाणूचाच आणखी एक प्रकार माणसांच्या हातून येतो, आणि त्याचे नाव घेतल्यावर काहीजणी हसतील. तंबाखूच्या पानांवर ठिपक्यांची नक्षी उठविणारा एक विषाणू आहे. जगात विषाणू म्हणून काही असते हे माणसाला प्रथम त्याच्यावरूनच कळले. इव्हानोव्हस्की यांचे काम १८९२ चे आणि बायरिंक यांचे १८९८ चे. हा वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि मिरचीलाही धरतो. तेव्हा घरातले कोणी विडी ओढत किंवा तंबाखू मळत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांना रोपांना हात लावू देऊ नये. तंबाखू सोडविण्याचे आणखी एक निमित्त हाती आले म्हणायचे!

आता बूड काळे पडण्याविषयी. फळाच्या टोकाला आधी पाणचट डाग, मग तपकिरी, मग काळा, खोलगट आणि कातड्यासारखा. काळी बुरशी दिसते म्हणून लोक बुरशीनाशक मारतात. ती मागाहून आलेली पाहुणी आहे. मूळ दुखणे हे की फळाच्या टोकापर्यंत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, पोचत नाही. मातीत तो बहुधा असतो. आपल्याकडची काळी माती तर चुनखडीचीच. पण तो पाण्याबरोबर चढतो, आणि पाणी कसे मिळते? दोन दिवस कुंडी कोरडी, तिसऱ्या दिवशी आठवण होऊन बादलीभर! अंड्याची टरफले पुरून आठ दिवसांत गुण येत नाही. ती विरघळायला महिने लागतात. उपाय साधा आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, कोरडे लागले तर पाणी द्यावे, आणि मातीवर वाळलेल्या पाचोळ्याचा दोन बोटे थर घालावा. डाग पडलेले फळ बरे होत नाही. ते तोडावे, खराब भाग कापून उरलेले भाजीत घालावे. पुढची फळे निर्मळ येतात. नत्राचे खत फार झाले तरी हे दुखणे बळावते, म्हणून युरियाचे दाणे कुंडीत टाकण्याची सवय सोडावी. त्याने पाने लुसलुशीत होतात, फुले मात्र येत नाहीत, आणि लुसलुशीत पानांवर मावा आधी बसतो.

फळाच्या एकाच अंगाला पांढरा, कागदासारखा चट्टा पडला असेल तर तो उन्हाचा चटका. पाने छाटण्याची हौस असणाऱ्यांच्या झाडांवर हा हमखास दिसतो. माघ-फाल्गुनात दुपारी जुन्या पातळाचा पडदा धरावा.

फुले गळण्याचे कारण उष्मा असतो, हे मी सांगितलेच. पण ऐन थंडीतही गळत असतील तर तीन गोष्टी पाहाव्यात : ऊन कमी आहे का, पाणी कमीअधिक होते का, खत जास्त झाले का. बंद गॅलरीत वारा लागत नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास फांदीला हलकीशी टिचकी मारावी. मिरचीचे फूल आपल्याच परागाने फळते, त्याला एवढीच मदत पुरते.

एका चिठ्ठीत लिहिले आहे की, "हिरवेगार झाड दुपारी मान टाकते, आता ते मरणार का?" संध्याकाळी ते पुन्हा ताठ होत असेल तर काळजी नाही, उन्हाने दमले इतकेच. पण रात्र सरली तरी उठले नाही आणि माती ओली आहे, तर संशय घ्यावा. मग खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. पाच-दहा मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर ती जीवाणूंची मर. हे झाड वाचत नाही. ती मातीही मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा यांना पुन्हा वापरू नये, ही सारी एकाच घराण्यातली.

उरलेल्या चहाचा चोथा घालावा का, असे तिघींनी विचारले आहे. घालावा, पण दूध-साखर धुऊन आणि वाळवून. न धुतलेल्या चोथ्याने मुंग्या येतात, आणि मग त्यांच्यासाठी पुन्हा औषध शोधणे आले.

फळ कातरीने देठासकट कापावे. ओढले तर फांदीच हातात येते. हिरवे तोडत राहिले की झाड अधिक फळते. एखादे झाडावरच ठेवून तीन-चार आठवड्यांनी लाल होऊ द्यावे. ते गोड लागते, आणि त्यात क जीवनसत्त्वही हिरव्याहून अधिक असते. पीठ पेरलेली ढोबळीची भाजी करायला कोणाला सांगायला नको. फक्त झाकण ठेवून फार शिजवू नये, क जीवनसत्त्व आचेने जाते. पीठ वेगळे खमंग भाजून घेऊन शेवटी पेरले तर फोडी करकरीत राहतात.

चैत्रात झाड उपटल्यावर कुंडीतली माती गच्चीवर पसरून वैशाखाचे ऊन खाऊ द्यावी आणि पावसाळ्यात त्या मातीत मेथी किंवा चवळी पेरावी. टोमॅटो नको, तो ढोबळीचा भाऊबंद आहे.